‘लोकल’ म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस नव्हे

“अहो, हा लोकल दोष आहे. त्यासाठी माणूस इथे येऊन कॉम्प्युटरसमोर बसायला हवा. आमच्या गेटवर वॉचमन आहे, ऑफिसात कॅमेरे आहेत. अपडेटचं पुढच्या महिन्यात बघू.”

जून २०२५ पासून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत हे उत्तर मी ऐकतो आहे. गरवारे पॉइंटजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये ऐकलं, पाथर्डी फाट्याकडच्या एका ऑफिसात ऐकलं, आणि ज्यांनी कॉम्प्युटरच सांभाळायचे त्या मंडळींकडूनही ऐकलं. ही माणसं बेफिकीर नाहीत. मायक्रॉनमध्ये माप धरणारी, ग्राहकाचं ऑडिट अंगावर घेणारी माणसं आहेत. त्यांची फसगत केली आहे ती ‘लोकल’ या एका शब्दाने. म्हणून आधी त्या शब्दाचाच निकाल लावू.

गैरसमज: लोकल दोष वापरायला हल्लेखोर कॉम्प्युटरजवळ यावा लागतो

वस्तुस्थिती: कॉम्प्युटरच्या सुरक्षेत ‘लोकल’ हा शब्द माणसाबद्दल नसतो, प्रोग्रॅमबद्दल असतो. नेटवर्कवरून थेट वापरता येतो तो ‘रिमोट’ दोष. ज्यासाठी हल्लेखोराचा प्रोग्रॅम आधी त्या मशीनवर कुणातरी युजरच्या नावाने चालू असावा लागतो, तो ‘लोकल’ दोष. एवढाच फरक आहे. माणूस कुठे बसला आहे याचा त्यात कुठेही हिशेब नाही.

आता असा प्रोग्रॅम मशीनवर येतो कसा? ‘परचेस ऑर्डर’ नावाची फाइल जोडलेली मेल अकाउंट्समधल्या ताईंनी उघडली, झालं. कुणाचा तरी सोपा पासवर्ड कुठूनतरी फुटला, झालं. फुकट मिळालेलं कन्व्हर्टर कुणी डाऊनलोड केलं, झालं. मेल पाठवणारा दुसऱ्या खंडात असतो, पण त्याचा प्रोग्रॅम अकाउंट्सच्या ताईंच्या नावाने चालतो आहे. कॉम्प्युटरच्या लेखी तो ‘लोकल’ झाला. वॉचमनने त्याला पाहिलेलंच नाही.

तरीही या टप्प्यावर नुकसान मर्यादित असतं. साध्या युजरला आपल्या फाइल दिसतात, दुसऱ्याच्या नाहीत. अँटीव्हायरस बंद करता येत नाही, अ‍ॅडमिनच्या ताब्यातला बॅकअप पुसता येत नाही. साधा युजर आणि अ‍ॅडमिन यांच्यामध्ये एक भिंत असते, आणि कारखान्याचा खरा बचाव ती भिंत करते. लोकल अधिकारवाढीचा दोष नेमकी तीच भिंत पाडतो. मेलमधून चोर अंगणात येतो, या दोषातून त्याला घराच्या सगळ्या किल्ल्या मिळतात.

यूडिस्क्सचं प्रकरण

ज्या दोषावरून मी हे उत्तर ऐकतो आहे, तो १७ जून २०२५ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधन विभागाने जाहीर केला. या कंपनीचं पुण्यात मोठं कार्यालय आहे. दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०२५-६०१९. तो ज्या वाटेने वापरता येतो, ती वाट म्हणजे यूडिस्क्स. लिनक्सवर पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क सांभाळणारा हा प्रोग्रॅम उबुंटू, डेबियन, फेडोरा, ओपनसुसे अशा जवळपास प्रत्येक लिनक्सबरोबर येतो.

तो करतो काय हे जवळून पाहू, कारण दोष तिथेच कळतो. लिनक्समध्ये बाहेरचा ड्राइव्ह जोडून घेण्याचा, म्हणजे ‘माउंट’ करण्याचा अधिकार मुळात ‘रूट’चा, सर्वोच्च अ‍ॅडमिनचा. पण पेनड्राइव्ह लावला की दरवेळी अ‍ॅडमिनला हाक मारायची का? म्हणून यूडिस्क्स रूटच्या अधिकाराने पडद्यामागे काम करतो. युजर त्याला विनंती करतो, तो ड्राइव्ह जोडून देतो.

यात एक धोका पहिल्यापासून माहीत आहे. लिनक्समध्ये एखाद्या फाइलवर अशी खूण ठेवता येते की ती कुणीही चालवली तरी ती रूटच्या अधिकाराने चालेल. बाहेरून आलेल्या ड्राइव्हवर अशी खूण केलेली फाइल असली तर? म्हणून यूडिस्क्स बाहेरचा ड्राइव्ह जोडताना अट घालतो: आतली अशी कुठलीही खूण मानायची नाही.

अंबडमध्ये हे समजायला अवघड नाही. व्हेंडरचा माल त्याचाच ‘ओके’ टॅग लावून आपल्या गेटवर येतो. तो टॅग आपण मानतो का? नाही. माल इन्कमिंगला जातो, आपला माणूस गेज लावतो, मग आपला टॅग लागतो. यूडिस्क्सची अट म्हणजे हेच इन्कमिंग इन्स्पेक्शन.

चूक झाली ती एका आडवाटेवर. एक्सएफएस प्रकारच्या डिस्कचा आकार बदलायचा तर ती आधी माउंट करावी लागते. ती माउंट केलेली नसेल, तर यूडिस्क्सच्या हाताखालची लिबब्लॉकडेव्ह ही लायब्ररी तिला काही क्षणांसाठी तात्पुरत्या फोल्डरमध्ये माउंट करते. आणि त्या तात्पुरत्या कामात ती अट घालायची राहून गेली. हल्लेखोर आपल्या कॉम्प्युटरवर, जिथे तो स्वतःच रूट आहे, खूण केलेला प्रोग्रॅम असलेली एक डिस्कची फाइल बनवतो, ती तुमच्या मशीनवर आणतो आणि यूडिस्क्सला सांगतो, हिचा आकार बदल. त्या काही क्षणांत बाहेरचा ‘ओके’ टॅग खरा मानला जातो आणि हल्लेखोर रूट होतो. पासवर्ड कुणी विचारत नाही.

“पण आकार बदलायची परवानगी तर समोर बसलेल्यालाच असते,” असं यावर मला सांगितलं जातं. अगदी बरोबर. बहुतेक लिनक्सवर नियम तसाच आहे: मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्या युजरवर जास्त विश्वास ठेवायचा. म्हणूनच क्वालिसने त्याच दिवशी जाहीर केलेला दुसरा दोष, सीव्हीई-२०२५-६०१८, वाचायला हवा. ओपनसुसे लीप १५ आणि सुसे लिनक्स एंटरप्राइझ १५ या प्रणालींत लॉगिनच्या मांडणीतच चूक होती. त्यामुळे नेटवर्कवरून दूर बसून लॉगिन केलेला साधा युजरही ‘मी मशीनसमोर बसलो आहे’ असं त्या प्रणालीला पटवू शकत होता. दोन दोष एकापुढे एक ठेवले की दूरचा साधा युजर थेट रूट. यानंतरही कुणी मला खुर्चीत कोण बसलंय ते सांगू लागलं, तर माझा संयम खरोखर संपतो. ज्या मशीनच्या भरवशावर आपण ‘समोरचा माणूस’ म्हणतो, त्या मशीनलाच समोर कोण आहे ते कळत नव्हतं.

हे फक्त संशोधकांच्या कागदावरचं नाही

८ एप्रिल २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधला असाच एक लोकल दोष, सीव्हीई-२०२५-२९८२४, दुरुस्त केला आणि सोबत सांगितलं की खंडणीखोर टोळीने तो आधीच वापरला आहे. फटका बसलेल्यांत स्पेनमधली एक सॉफ्टवेअर कंपनी होती, सौदी अरेबियातल्या किरकोळ विक्री क्षेत्रातली संस्था होती. टोळी आधी साध्या अधिकाराने आत आली, मग या दोषातून वर चढली आणि मग फाइली कुलूपबंद केल्या. क्रम बहुधा हाच असतो.

अ‍ॅडमिनचा अधिकार हाती लागल्यावर काय होतं, हे महाराष्ट्राने २७ जून २०१७ रोजी पाहिलं. नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला. अ‍ॅडमिनचे अधिकार मिळालेल्या मशीनच्या मेमरीतून तो पासवर्ड काढायचा आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या मशीनवर जायचा, मग ते मशीन पूर्ण अपडेट केलेलं असलं तरी. जहाज वाहतुकीतल्या मर्स्क समूहाच्या जगभरच्या यंत्रणा त्यात कोसळल्या आणि न्हावाशेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. नाशिकचा निर्यातीचा माल ज्या बंदरातून जातो, तेच हे बंदर.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*“लिनक्सला काही होत नाही.”* क्वालिसनेच २५ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केलेला पीडब्ल्यूएनकिट हा लोकल दोष २००९ पासून जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये होता. बारा वर्षांहून अधिक काळ कुणाच्या लक्षात आला नाही.

*“दोषाच्या गंभीरतेचे गुण १० पैकी १० नाहीत, म्हणजे थांबता येईल.”* पीडब्ल्यूएनकिटचेही १० नव्हते, ७.८ होते. आधी आत शिरावं लागतं म्हणून लोकल दोषाचे गुण कमी होतात. चोर आधीच आत असेल तर त्या वजाबाकीला अर्थ उरत नाही.

*“माऊस-कीबोर्डच्या सॉफ्टवेअरला कोण विचारतो?”* ऑगस्ट २०२१ मध्ये उघड झालं की रेझर कंपनीचा माऊस विंडोजला नुसता जोडला तरी त्याचं इन्स्टॉलर आपोआप सर्वोच्च अधिकाराने चालू होतं, आणि फोल्डर निवडायच्या खिडकीतून तोच अधिकार साध्या युजरच्या हाती येतो.

*“ड्रायव्हर कंपनीचाच आहे, सही केलेला आहे.”* डेलच्या अपडेट ड्रायव्हरमधला सीव्हीई-२०२१-२१५५१ हा दोषसमूह २००९ पासून होता, तो मे २०२१ मध्ये उघड झाला. त्याच वर्षी लाझारस या हॅकर टोळीने तो खऱ्या हल्ल्यात वापरल्याचं ईसेट कंपनीने पुढे दाखवून दिलं.

*“अँटीव्हायरस आहे ना.”* अ‍ॅडमिन झालेला हल्लेखोर पहिलं काम करतो ते अँटीव्हायरस बंद करण्याचं. लाझारसने तो ड्रायव्हर त्याचसाठी वापरला: विंडोजच्या पहाऱ्याचे डोळे झाकायला.

*“शॉप फ्लोअरच्या मशीनला इंटरनेट नाही.”* २०१० मध्ये सापडलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून पसरला. त्याने वापरलेल्या चार अज्ञात दोषांपैकी दोन लोकल अधिकारवाढीचे होते. सिमॅन्टेक कंपनीच्या अहवालात लागण झालेल्या देशांच्या यादीत इराण आणि इंडोनेशियानंतर भारताचं नाव आहे.

*“आमच्याकडे सगळ्यांनाच अ‍ॅडमिन करून ठेवलंय, कटकट नको.”* मग हल्लेखोराला दोष शोधायचीही गरज नाही. भिंत आपणच पाडून ठेवली आहे.

*“छोट्या युनिटला कायदा लागू नाही.”* सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. छोट्या उद्योगांना दिलेली वाढीव मुदत २५ सप्टेंबर २०२२ लाच संपली.

आता करायचं काय

लिनक्सचं मशीन असेल तर यूडिस्क्स आणि लिबब्लॉकडेव्ह ही पॅकेजेस अपडेट करा. अपडेट आज शक्य नसेल, तर यूडिस्क्सकडून डिस्कमध्ये बदल करून घेण्याच्या परवानगीचा, पोलकिट या परवानग्या ठरवणाऱ्या प्रोग्रॅममधला नियम ‘थेट हो’ ऐवजी ‘अ‍ॅडमिनचा पासवर्ड विचार’ असा करा. क्वालिसनेही हाच उपाय सुचवला आहे. विंडोज असेल तर दर महिन्याचे अपडेट लावा, कंपनीने आपोआप टाकलेली आणि कुणी न वापरलेली सॉफ्टवेअर काढून टाका, आणि रोजच्या कामासाठी प्रत्येकाला साधं खातं द्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकाच जबाबदार माणसाकडे असू द्या. बॅकअपची एक प्रत मशीनपासून सोडवून कपाटात ठेवा.

आपल्या दारात आलेला एक बोल्टसुद्धा आपण गेज लावल्याशिवाय आत घेत नाही. ही शिस्त अंबडला शिकवावी लागत नाही, ती इथल्या हातांत आहे. तीच कॉम्प्युटरला लावा. प्रेस बंद ठेवायच्या सुट्टीच्या दिवशी दोन तास काढा आणि अपडेट लावा. पुढच्या महिन्यावर ढकलू नका.