इशांगोचं हाड काय सांगतं?

आता आपण इशांगोच्या हाडाकडे येऊ. आफ्रिकेत, काँगोमधल्या एडवर्ड सरोवराच्या काठी ते १९५० साली बेल्जियन भूशास्त्रज्ञ हाइन्झेलिन यांना सापडलं. वय सुमारे २०,००० वर्षं. त्यावर खाचांच्या तीन ओळी आहेत. एका ओळीतले गट ११, १३, १७, १९ असे. लगेच आपण म्हणतो, अरे, या तर मूळ संख्या!

पण जरा थांबू या. मूळ संख्या ओळखायची तर भागाकाराची कल्पना हवी. ती त्या माणसाकडे होती, असं हाड सांगत नाही. ते आपण त्यात वाचतो.

मग उरतं काय? सरोवराकाठची ही माणसं मासेमारी करत. समजा, एकेका माशामागे एकेक खाच पाडली. याला गणितात एकास एक संगती म्हणतात. त्यासाठी 'अकरा' हा शब्दसुद्धा लागत नाही. मासे खाऊन संपतात, खाचा राहतात. उद्या तशाच खाचा दिवसांसाठीही चालतात. वस्तू गेली तरी तिचं 'किती' मागे उरतं. संख्येची कल्पना इथून सुरू होते, आणि तिचं मोठेपण मूळ संख्यांपेक्षा तसूभरही कमी नाही.