माणसाने वाचायचे नाहीत असे सात कोटी निबंध

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ साली एक अजब ग्रंथसाठा उभा राहिला. त्यात शोधनिबंध होते ७ कोटी ३० लाख आणि त्यांनी जागा व्यापली होती ५७६ टेराबाइट. ज्ञान सर्वांना खुले असावे म्हणून आयुष्यभर झटणारे अमेरिकेतले कार्ल मलमूद यांच्या पुढाकाराने तो जमला. अट एकच होती : माणसाने यातला एकही निबंध वाचायचा नाही, उतरवूनही घ्यायचा नाही. फक्त संगणकाने सारे चाळायचे आणि काय सापडले ते सांगायचे. प्रकाशकांचा स्वामित्वहक्क मोडू नये म्हणून काढलेली ही वाट होती.

समजा, अट नसती. तासाला एक निबंध, झोप नाही, जेवण नाही, असे वाचत गेले तर साठा संपायला ८,३०० वर्षे लागतील. सिंधू संस्कृतीची मोठी शहरे वसण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक वर्षे आधी वाचायला बसलेला माणूस आज कुठे शेवटच्या निबंधाशी पोचला असता!

आणि ढीग काही थांबत नाही. प्रमुख सूचींत नोंद झालेले निबंध २०१६ साली सुमारे १९ लाख होते, २०२२ साली ते २८ लाखांवर गेले. म्हणजे दर अकरा सेकंदांना एक. तुम्ही तासभर खर्चून एक निबंध नीट वाचलात, तेवढ्यात जगात तीनशेवीस नवे आले.

अशा ठिकाणी यंत्राची मदत घेण्यात गैर काही नाही, उलट ती घ्यायलाच हवी. मलमूद यांनीच २०२१ मध्ये १० कोटी ७० लाख निबंधांची एक शब्दसूची जगाला मोफत दिली. निबंधांतले सुटे शब्द आणि जास्तीत जास्त पाच शब्दांचे तुकडे, प्रत्येकासमोर तो ज्या निबंधात आला त्याची नोंद. अशा नोंदी ३५,५०० कोटींहून अधिक! एखाद्या वनस्पतीचे नाव कोणत्या निबंधांत आले आहे, हे शोधायला आता निबंध विकत घ्यावा लागत नाही. ग्रंथपाल पिढ्यान्‌पिढ्या सूचीची कार्डे लिहीत आले, तेच काम हे. पट तेवढा अफाट वाढला.

शोधणारे यंत्र वेगळे आणि लिहिणारे यंत्र वेगळे. मेटा कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘गॅलॅक्टिका’ हे लिहिणारे यंत्र आणले. ते ४ कोटी ८० लाख निबंध वगैरेंवर शिकवलेले होते. न घडलेले संशोधन आणि नसलेले संदर्भ ते अशा ठामपणे लिहू लागले की तीन दिवसांत ते लोकांसाठी बंद करावे लागले. सूची चुकली तर पान उघडून पडताळता येते. बनावट संदर्भाला उघडायला पानच नसते, आणि ते नाही हे सिद्ध करण्यात ग्रंथपालाचा वेळ जातो.

तरीही लेखणी यंत्राच्या हाती जातेच आहे. ट्युबिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी वैद्यक-जीवशास्त्रातले दीड कोटी सारांश तपासले. काही इंग्रजी शब्दांचा वापर एकाएकी फुगला होता. त्यावरून त्यांचा अंदाज असा की २०२४ मधल्या किमान १३.५ टक्के सारांशांना यंत्राचा हात लागला आहे. इंग्रजी परकी असणाऱ्या संशोधकाने भाषा सुधारून घेतली तर मी त्याला दोष देणार नाही. माझी काळजी तपासणाऱ्यांची आहे.

छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांनी एकट्या २०२० साली या कामाला १० कोटींहून अधिक तास दिले, असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. अहोरात्र धरले तरी ही ११ हजारांहून अधिक वर्षे होतात, एका वर्षात आणि बहुतेक सगळी विनामोबदला. लिहिण्याचे कष्ट मिनिटांवर आले, तपासण्याचे मात्र तासांतच राहिले. ही चाळणी किती ताणली गेली आहे ते २०२३ मध्ये दिसले : जगभरात १० हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले, त्यातले ८ हजारांवर एकट्या ‘हिंदावी’ या प्रकाशनाचे. त्यातला मोठा भाग पैसे घेऊन निबंध पाडणाऱ्या टोळ्यांचा होता. त्यांच्या हाती आता लिहिणारे यंत्र आले आहे.

आपल्या सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले. त्यातून सुमारे १३ हजार संशोधनपत्रिका ६,३०० सरकारी संस्थांतल्या १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधकांना खुल्या होतात. दिल्लीतल्या त्या साठ्याला जे जमले नाही, माणसाला वाचू देणे, ते यातून होते आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण १३ हजार पत्रिकांसमोर विद्यार्थ्याला एकटे बसवू नये. यंत्राने सुचवलेला संदर्भ खरोखर आहे का, तो निबंध नंतर मागे तर घेतला नाही ना, हे पाहायला शिकवणारा ग्रंथपाल प्रत्येक महाविद्यालयात पगारावर असायला हवा. आणि तपासणाऱ्याच्या तासांचे मोल वर्गणीच्या करारात प्रकाशकांकडून मागून घ्यायला हवे.