सापाला लळा लागतो का?

पाळलेला साप मालकाच्या हातावर निवांत पडून राहतो, खांद्यावर चढतो, मानेभोवती सैल विळखा घालतो. अनोळखी माणसाने हात पुढे केला की तोच साप आक्रसतो. अमेरिकेत आणि युरोपात साप पाळण्याचा छंद मोठा आहे आणि त्यातल्या बऱ्याच मालकांची खात्री असते, की साप आपल्याला ओळखतो आणि त्याची आपल्यावर माया आहे. ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याला थोडाफार पुरावा मिळतो. दुसऱ्याची कहाणी जास्त गुंतागुंतीची आहे.

तिकडे घरोघरी दिसणारे साप प्रामुख्याने दोन. एक बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. घाबरला की डोके आत घेऊन तो चेंडूसारखा गोळा होतो, त्यावरून हे नाव पडले. दुसरा कॉर्न स्नेक, अमेरिकेच्या आग्नेय भागातला सडपातळ, बिनविषारी साप. दोघेही स्वभावाने शांत आणि आटोपशीर आकाराचे. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली होती. इतकी वर्षे एकाच घरात राहणाऱ्या प्राण्याविषयी मालकाच्या मनात जिव्हाळा निर्माण होणारच. प्रश्न उलट बाजूचा आहे.

सापाच्या बाजूने पाहायचे तर आधी त्याच्यापर्यंत माणूस पोचतो कसा, हे पाहावे लागते. सापाची दुभंगलेली जीभ हवेतले आणि पृष्ठभागावरचे गंधकण टिपते आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवते. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यांतून त्याला समोरच्या वस्तूची ऊब कळते. बाहेरचा कान त्याला नाही. तरीही तो ठार बहिरा नाही: डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठात २०१२ मध्ये झालेल्या प्रयोगात, हवेतून आलेल्या खर्जातल्या ध्वनीने बॉल पायथनची कवटी थरथरते आणि ती थरथर त्याच्या मेंदूपर्यंत पोचते, असे दिसले. म्हणजे मालकाने लाडाने मारलेली हाक पोचलीच तर एक अस्पष्ट कंप म्हणून पोचते. सापासाठी मालक म्हणजे मुख्यतः एक वास, एक ऊब आणि हालचालीची एक ठरावीक पद्धत.

हे ध्यानात घेतले, की सापाच्या बऱ्याच ‘प्रेमळ’ वागण्याचा उलगडा होतो. पेटीचे झाकण उघडले, की साप आधी जीभ लपलपवून अंदाज घेतो. सरावलेला मालक वरून झडप घालत नाही. तो बाजूने हात घालतो, शेपटीकडच्या भागाला हलकेच स्पर्श करतो आणि मधल्या जाड भागाखाली आधार देत उचलतो. साप हातावरून सरकत बाहीत शिरतो, काखेकडे नाहीतर मानेकडे जातो आणि तिथे थांबतो. बॉल पायथनला पेटीच्या उबदार टोकाला साधारण ३१-३२ अंश सेल्सिअस तापमान लागते. माणसाची त्वचा जवळपास तेवढीच उबदार असते. शिवाय बाही म्हणजे अंधारी, अरुंद, सर्व बाजूंनी अंगाला टेकणारी जागा, आणि बिळात राहणाऱ्या प्राण्याला याहून सुरक्षित काही वाटत नाही. मिठीसारखा दिसणारा विळखा हा बहुतेक वेळा खाली पडू नये म्हणून धरलेला आधार असतो.

सापाच्या चेहऱ्यावर भाव दाखवणारे स्नायू नाहीत. डोळ्यांना पापण्याही नाहीत. त्यांवर पारदर्शक खवल्याचे कायमचे आवरण असते. त्यामुळे त्याच्या स्थिर नजरेत ज्याला जे हवे ते दिसते: एकाला प्रेम, दुसऱ्याला कपट. कुरवाळणेही त्याला मांजरासारखे आवडते असे दिसत नाही. डोक्याला हात लावला तर बहुतेक साप मान मागे घेतात, कारण निसर्गात शत्रू डोक्यावरच झडप घालतो.

मग अनेक महिन्यांनंतर साप माणसाळतो, तो कसा? याचे उत्तर सवयीत आहे. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा घडते आणि तिच्यातून काही इजा होत नाही, तेव्हा तिला घाबरणे प्राणी हळूहळू सोडून देतो. सापाला हे जमते, कारण तो मानला जातो तितका मठ्ठ नाही. रॉचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड होल्टझमन यांनी १९९९ मध्ये कॉर्न स्नेकना एका गोल रिंगणात सोडले. रिंगणात आठ भोके होती आणि त्यांपैकी एकच लपायच्या जागेत उघडत होते. काही दिवसांच्या सरावानंतर साप आजूबाजूच्या खुणा लक्षात ठेवून योग्य भोक लवकर गाठू लागले.

माणसाजवळच्या सापाच्या निर्धास्तपणाचे टोकाचे उदाहरण म्हणून मराठी वाचकाला पुण्याचा एक प्रसंग आठवेल, जरी ते साप पाळलेले नव्हते. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले. साप अंगावर चढत होते, खैरे त्यांना अलगद बाजूला करत होते, आणि एकही साप चावला नाही. त्या सापांना खैरे यांच्याविषयी काही वाटत होते, असे कुणी म्हणणार नाही. धोका नसलेल्या, संथ हालचालीच्या माणसावर साप आपणहून हल्ला करत नाही, हेच त्यांना दाखवून द्यायचे होते. पाळीव सापाच्या शांतपणाचा मोठा भाग याच खात्यात जमा होतो.

पण सगळा नाही. मालकाला साप वेगळा ओळखू शकतो का, याची थेट तपासणी ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठात झाली. तिथल्या संशोधकांनी कॉर्न स्नेकना ओळखीच्या आणि अनोळखी माणसांचे वास हुंगायला दिले. लपायला-चढायला भरपूर सोयी असलेल्या पेट्यांत ठेवलेल्या सापांनी हे दोन वास वेगळे ओळखले. साध्या, रिकाम्या पेटीत ठेवलेल्या सापांना तो फरक दाखवता आला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष छोटा दिसतो, पण साप पाळणाऱ्यांना विचार करायला लावणारा आहे: मालकाला ओळखण्याची क्षमता सापाच्या जातीवर जशी अवलंबून, तशी त्याला मिळालेल्या घरावरही. तरीही ओळख म्हणजे माया नव्हे. दूधवाल्याला ओळखणारा प्रत्येकजण त्याच्यावर जीव टाकत नसतो.

सापांना एकमेकांची तरी ओढ असते का? बराच काळ याचे उत्तर ‘नाही’ असेच दिले जाई. साप एकटा जन्मतो, एकटा जगतो, मीलनापुरता भेटतो, अशी समजूत होती. गेल्या वीसेक वर्षांत ती डळमळीत झाली आहे. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरियर विद्यापीठात मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी गार्टर स्नेकच्या पिलांना रंगाचे ठिपके लावून त्यांच्या हालचाली टिपल्या. पिले गट करून राहत होती. संशोधक दिवसातून दोनदा त्यांच्या जागा बदलत, वासाच्या खुणा पुसून टाकत, तरी पिले पुन्हा आपापल्या ठरावीक सोबत्यांकडे जमत. हा अभ्यास २०२० चा. पुढे त्याच प्रयोगशाळेने बॉल पायथनवर असाच प्रयोग केला. प्रत्येकाला पुरेल इतके आडोसे ठेवूनही हे ‘एकलकोंडे’ साप एकाच आडोशाखाली दाटीवाटीने बसलेले आढळले.

यापेक्षाही बोलका प्रयोग कॅलिफोर्नियातला. लोमा लिंडा विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या खडखड्या सापांच्या हृदयाचे ठोके मोजले. साप बादलीत ठेवून बादलीला धक्के दिले, की ठोके वाढत. कधी साप एकटा असे, कधी बादलीत जाड दोर ठेवलेला असे, तर कधी त्याच जातीचा दुसरा साप. दोराचा काही उपयोग झाला नाही. दुसरा साप सोबत असला, की ठोक्यांची वाढ कमी राहिली. २०२३ मधल्या या प्रयोगातून एवढे कळते, की भीतीच्या वेळी सोबतीने सापाला दिलासा मिळतो. ‘साप म्हणजे थंड रक्ताचे यंत्र’ हे जुने चित्र आता पुसायला हवे.

आईपणाचीही काही उदाहरणे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या अजगराची मादी बिळाच्या तोंडाशी उन्हात अंग तापवते आणि मग अंड्यांभोवती वेटोळे घालून ती ऊब त्यांना देते. पिले बाहेर आल्यावरही ती साधारण दोन आठवडे त्यांच्याजवळ थांबते. विटवॉटर्सरँड विद्यापीठातल्या ग्रॅहम अलेक्झांडर यांनी हे २०१८ मध्ये मांडले. मात्र बहुसंख्य सापांत आई अंडी घालून निघून जाते, आणि इथेच मुद्द्याची गाठ आहे. सस्तन प्राण्यांतली माया आई-पिलाच्या दीर्घ सहवासातून घडली, असे मानले जाते. कुत्र्याने तर माणसाच्या सहवासात हजारो वर्षे काढली, आणि माणसाशी जुळवून घेणाऱ्या कुत्र्यांचीच पिले पुढे वाढली. सापाची पैदास बंदिवासात सुरू होऊन जेमतेम काही दशके झाली आहेत, आणि तीही मुख्यतः रंग आणि नक्षीसाठी. बॉल पायथनच्या शेकडो रंगछटा बाजारात आहेत. माणसाळण्यासाठी निवडलेली अशी जात मात्र नाही.

मेंदूच्या बाजूने एक जुना युक्तिवाद अजून फिरतो. पॉल मॅकलीन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मेंदूचे तीन थर कल्पिले होते: तळाशी सरपटणाऱ्यांचा, त्यावर भावनांचा, सर्वांत वर विचारांचा. त्यावरून सापाला भावनाच नाहीत, असा निष्कर्ष लोकांनी काढला. हे थरांचे चित्र आज मेंदूविज्ञानाने टाकून दिले आहे. भीतीशी निगडित मेंदूभागाचे प्रतिरूप सापातही आहे, आणि माणसातल्या ऑक्सिटोसिनचे जवळचे भावंड असलेले मेसोटोसिन हे संप्रेरकही सरपटणाऱ्या प्राण्यांत सापडते. त्यावरून उलट टोकाला जाऊन ‘म्हणजे साप प्रेम करतो’ असे म्हणणेही घाईचे. ऑक्सिटोसिन माणसात गर्भाशयाचे आकुंचन घडवते आणि दूधही उतरवते; नुसते रसायन असण्यावरून भावना सिद्ध होत नाही.

मराठी मुलखात हाच प्रश्न उलट्या रूपात विचारला जातो. साप डूख धरतो, मारणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवतो, वर्षांनी येऊन सूड घेतो, ही समजूत गावोगाव आहे आणि सिनेमांनी तिला खतपाणी घातले. लळा आणि डूख या दोन्ही कल्पनांत सापाने एक माणूस मनात धरून ठेवलेला असतो, एकीत प्रेमाने, दुसरीत रागाने. दोन्हींना पुरावा नाही. मारलेल्या सापाच्या जागी दुसरा दिसतो, त्याचे साधे कारण वासात असू शकते: मादीच्या अंगावरच्या गंधाचा माग काढत नर येतात. समाजमाध्यमांवर फिरणारी, बिछान्यात मालकाशेजारी सरळ ताणून झोपणाऱ्या आणि ‘गिळण्यासाठी माप घेणाऱ्या’ अजगराची गोष्टही याच माळेतली. अजगर दबा धरून शिकार करतो. माप घेत बसत नाही.

आपल्या सापाला बरे वाटते आहे की नाही, हे पाहणे मात्र मालकाला शक्य असते. संथ हालचाल, अधूनमधून लपलपणारी जीभ, सैल अंग ही निवांतपणाची लक्षणे. फूत्कार, इंग्रजी एससारखी वळलेली मान, घट्ट गोळा होणे ही भीतीची. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, नीट दिसेनासे होते, तेव्हा त्याला हात न लावणे बरे. खाल्ल्यानंतर दोनेक दिवस उचलले तर भक्ष्य ओकून टाकण्याचा धोका असतो. आणि उंदराचा वास लागलेला हात पुढे केला, तर दहा वर्षांच्या ओळखीचा सापही चावू शकतो. त्यात रागाचा प्रश्न नसतो, समोर भक्ष्य आहे एवढेच त्याला कळलेले असते.

भारतात हा छंद कायद्याच्या चौकटीत बसवणे कठीण आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार नाग, धामण, अजगर यांसारखे देशी साप पकडणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. घरात शिरलेला साप पकडणाऱ्या सर्पमित्रालाही तो पुन्हा निसर्गात सोडावा लागतो. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी जाती बाळगायच्या असतील, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांची सरकारकडे नोंदणी करावी लागते.