अद्भुताचे बंधन

अशक्य गोष्ट खरी म्हणून सांगणे हा कथाकाराचा फार जुना अधिकार आहे. वेताळपंचविशीत राजा विक्रमाच्या खांद्यावरील प्रेत बोलू लागते, तेव्हा त्याला वाचा कशी फुटली, असे कोणी विचारीत नाही. श्रोता भोळा असतो म्हणून नव्हे, तर कथेने त्याच्याशी एक करार केलेला असतो म्हणून. राजाने मौन सोडले की वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळणार. आणि उत्तर ठाऊक असूनही तो गप्प राहिला, तर त्याचे मस्तक फुटणार. हा करार अखेरच्या कथेपर्यंत पाळला जातो. अद्भुताला विश्वसनीयता येते ती या बंधनामुळे.

मराठी चित्रपटातही याचे एक ठळक उदाहरण आहे. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटात तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो. कल्पना अचाट खरी. पण तिला एक अट आहे. ज्याला त्याने आपली खरी ओळख प्रथम सांगितली, त्याच्याच देहात त्याला शिरता येईल. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटातही हीच अट होती. तिच्यामुळे बाहुल्याला एक ध्येय मिळते आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याला एक संकट. विनोद कितीही भरकटला, तरी कथा त्या दोघांपाशी परत येते.

या कसोटीवर आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ पाहण्याजोगा आहे. २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची प्रसिद्धी झोंबींवरील पहिला मराठी चित्रपट अशी झाली. झोंबी म्हणजे माणसांचे लचके तोडणारे चालते प्रेत. ठाणे जिल्ह्यातील डोंबिवलीसारख्या मध्यमवर्गीय गावी अशी प्रेते हिंडू लागली तर काय होईल, असा धाडसी प्रश्न या चित्रपटाने घातला. सुधीर आणि त्याची गरोदर पत्नी सीमा एका मोठ्या गृहसंकुलात राहावयास येतात. शेजारीच जनतानगर ही गरीब वस्ती असून संकुल व वस्ती यांच्यात पाण्यावरून तेढ आहे. साथ पसरली की मधल्या भिंतीला अर्थ उरत नाही, ही या कथेतील मोलाची कल्पना होय.

दुर्दैवाने चित्रपट तिच्यापाशी पुरेसा थांबत नाही. कधी उपनगरी जीवनाची थट्टा, कधी पाठलाग, कधी सामाजिक उपदेश, अशा वाटांनी तो धावतो. झोंबी एका प्रसंगी भयाचे निमित्त ठरतो, तर पुढच्याच प्रसंगी हास्याचे. त्यामुळे भय पुरते साठत नाही आणि पाण्याचा प्रश्न गोंधळात मागे पडतो.

ही उणीव डोंबिवलीपासून दूरच्या प्रेक्षकाला अधिक जाणवते. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती, आणि आजही रायपुरात मराठी कुटुंबे नांदत आहेत. तेथील गुढियारीत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला डोंबिवलीच्या लोकलगाडीवरचा विनोद परका वाटेल. परंतु एकाच्या नळाला पाणी आणि दुसऱ्याची घागर रिकामी, हे चित्र समजण्यास डोंबिवली पाहिलेली असण्याची गरज नाही. चित्रपटाने तेवढा एकच धागा घट्ट धरला असता, तर डोंबिवलीची गोष्ट गुढियारीचीही झाली असती.

असा प्रयोग उणा पडला की त्याचा दोष बहुधा कल्पनेच्या माथी मारला जातो. मराठी प्रेक्षकाला अद्भुत रुचत नाही, असा निष्कर्ष काढून निर्माते पुन्हा सुरक्षित कौटुंबिक कथांकडे वळतात. तो निष्कर्ष चुकीचा आहे. बोलणारे प्रेत आणि चालणारा बाहुला या प्रेक्षकाने आनंदाने स्वीकारले आहेत. त्याची मागणी एवढीच की, जे अशक्य एकदा मान्य करावयास लावले, त्याचे परिणाम कथेने शेवटपर्यंत निष्ठेने सांगावेत.