सिंकची जाळी बसवताना

सिंकखालचं कपाट ओलं होऊ लागलं की संशय आधी पाइपवर जातो. गळती मात्र बऱ्याचदा वर, वेस्ट कपलिंगपाशी असते. सिंकच्या भोकात बसणारी जाळीची वाटी म्हणजे हे कपलिंग.

जुनं काढल्यावर भोकाची कड घासून अगदी कोरडी करा. घाई नेमकी इथेच होते, आणि चिकट तेलकट थरावर कुठलंच सिलिकॉन धरत नाही. मग वाटीच्या कडेखाली सिलिकॉनची अखंड रेघ ओढून ती वरून दाबा. खालून आधी रबरी वॉशर, मग चेकनट. नट हाताने आवळा, नंतर पान्याने थोडासाच. जास्त पिळलं तर रबर बाहेर सरकतं, प्लास्टिकची आटी तुटते. पाइपच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लागतो, वॉशरच्या जागी नको.

नुसता लवचिक पाइप थेट भिंतीतल्या भोकात सोडलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. तिथून दुर्गंधी आणि झुरळं येणारच. मध्ये बॉटल ट्रॅप हवा. त्यात साठून राहणारं पाणी गटारातली हवा अडवतं. वळणदार नळीत पाणी अडवण्याची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग याने 1775 साली शौचकूपासाठी पेटंट केली होती.

सिलिकॉनला शक्यतो 24 तास द्या. मग भोक बंद करून सिंक काठोकाठ भरा, पाणी एकदम सोडा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवा.