तिसरे उमेदवार

नावाजलेला, पण कोणत्याच पक्षाचा नसलेला मनुष्य राष्ट्रपतिपदाला उभा राहिला, तर ती नुसती हौस समजायची काय? वर्गात हा प्रश्न निघाला की मी चिंतामणराव देशमुखांचे नाव घेतो.

साल १९६९. हंगामी राष्ट्रपती होते हिदायतुल्ला, आपल्या नागपूर हायकोर्टाचे एके काळचे मुख्य न्यायाधीश. आणि चिंतामणरावांची आय.सी.एस.ची नोकरी सुरू झाली तीही याच मध्यप्रांत-वऱ्हाडात! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईसाठी १९५६ साली अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे, शिवाय ‘मेघदूत’ मराठीत आणणारे. असा माणूस कोणाला नको असेल? पण राष्ट्रपती निवडतात खासदार-आमदार. तुमच्याआमच्या टाळ्या तेथे मोजत नाहीत. स्वतंत्र पक्ष व जनसंघ पाठीशी होते, म्हणून तर १,१२,७६९ मतमूल्य पदरात पडले. गिरींना ४,०१,५१५, संजीव रेड्डींना ३,१३,५४८. बहुमत कोणालाच नाही!

मग मागे पडलेल्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजावी लागली. त्यांत सर्वांत मोठा गठ्ठा देशमुखांचाच. त्यातली पुष्कळ मते रेड्डींकडे गेली, थोडी गिरींकडे. तेवढ्या थोड्यांनी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले. रेड्डी अवघ्या १४,६५० नी मागे राहिले.