निकालाआधीचा निकाल

मतदान संपले की आपल्याकडे लगेच दुसरी निवडणूक सुरू होते. ती चहाच्या टपरीवर, पारावर आणि एस. टी. स्टँडवर लढली जाते. कोण येणार? कितीने येणार? श्रीगोंद्यात तर मिसरूड न फुटलेला पोरगाही गावोगावचे लीड तोंडपाठ सांगतो. यात गंमत आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण या गमतीची किंमत कोण मोजतो, हे पाहण्याची वेळ आमच्यावर आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक. आमच्या शेजारच्या कर्जत-जामखेड मतदारसंघात रोहित पवार आणि राम शिंदे यांची लढत होती. २०१९ साली पवार ४३ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले होते. आमच्या वस्तीतील सेंट्रिंगकाम करणाऱ्या एका तरुणाने मोबाइलवरचे अंदाज पाहून पैज लावली, "कोणीबी येवो, फरक दहा हजारांच्या पुढंच जाणार." पैज पाच हजारांची. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. पवार निवडून आले, पण फरक पडला फक्त १,२४३ मतांचा! पैजेचे पैसे मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते.

त्याची पत्नी आमच्याकडे आली. रडली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, त्या अंदाजवाल्यांनी आपल्या वस्तीत येऊन कधी कुणाला इचारलं का हो?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला अमेरिकेची एक गोष्ट आठवली.

१९३६ साली तेथे अध्यक्षपदासाठी रूझवेल्ट आणि लँडन उभे होते. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून साप्ताहिकाने जाहीर केले, लँडन येणार! प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. चूक कोठे झाली? पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदीतून. मंदीच्या त्या काळात टेलिफोन आणि मोटार कोणाकडे होती? गरिबाला कोणी विचारलेच नाही. त्यातून ज्यांनी मतपत्रिका परत पाठविल्या, त्यांत रूझवेल्टविरोधकच जास्त होते. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

ऐंशी वर्षांनंतरही हा धडा पुरता शिकला गेला नव्हता. २०१६ साली बहुतेकांनी हिलरी क्लिंटन येणार असे सांगितले. देशभरात त्यांना सुमारे २८ लाख मते जास्त मिळालीही. पण तेथे अध्यक्ष ठरतो राज्यवार प्रतिनिधींच्या ५३८ मतांवर. जिंकायला २७० लागतात. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून ८० हजारांपेक्षा कमी मतांनी ट्रम्प पुढे राहिले आणि अध्यक्ष झाले. पुढे चौकशीत आढळले की अनेक राज्यांच्या पाहण्यांत कमी शिकलेल्या मतदारांना त्यांच्या संख्येइतके वजन दिलेच गेले नव्हते. तिकडेही आपलीच माणसे मोजायची राहतात म्हणायची!

आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, म्हणून थोडा हिशेब मांडतो. हजार माणसे अगदी नीट निवडून विचारली, तरी उत्तर तीन टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. कर्जत-जामखेडमध्ये पहिल्या दोघांच्या मतांची बेरीज अडीच लाखांवर जाते. १,२४३ म्हणजे त्याचा अर्धा टक्काही नाही. असला फरक पाहणीतून सांगणे म्हणजे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सोने तोलणे! २००० साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्याचा निकाल ५३७ मतांवर आला. वाहिन्यांनी त्या रात्री आधी गोर, मग बुश जिंकल्याचे सांगितले आणि दोन्ही वेळा शब्द मागे घेतला. २०२४ च्या लोकसभेला वायव्य मुंबईत तर फरक होता अवघ्या ४८ मतांचा.

शिवाय माणूस खरे सांगेलच असे नाही. परक्याने विचारले की मजूर वाऱ्याची दिशा पाहून बोलतो. उद्या त्याला त्याच मालकाच्या शेतावर जायचे असते. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले. मिळाल्या २९३ जागा. मतमोजणीतही तेच. एका हॉलमध्ये साधारण चौदा टेबलांवर फेरीफेरीने मोजणी होते. सुरुवातीच्या फेऱ्या तालुक्याच्या एका अंगाच्या असतात. त्यावर गुलाल उधळणारे संध्याकाळी तोंड लपवितात.

आपल्या समाजाला तर हे नवीन नाही. १९५२ साली उत्तर मुंबईतून बाबासाहेब उभे होते. ज्यांनी देशाला राज्यघटना दिली, ते पडतील असे कोणाला वाटले असेल? काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून आले. पण बाबासाहेब निकालाला घाबरून घरी बसले नाहीत. १९५४ साली ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला पुन्हा उभे राहिले. तेथेही यश आले नाही, परंतु त्यांनी मिळवून दिलेला 'एका माणसाला एक मत, एका मताला एक मूल्य' हा हक्क आजही आपल्या हाती आहे.

म्हणून वाचक बंधुभगिनींनो, "निकाल ठरलेलाच आहे, तुझ्या एका मताने काय होणार?" असे कोणी म्हणाले, तर त्याला ४८ चा आकडा सांगा. अंदाज ऐका, चर्चा करा, पण घामाचा पैसा त्यावर लावू नका आणि मतदानाचा दिवस चुकवू नका.

त्या मुलीची फी महिला बचत गटाने उसनी दिली. बाप दर आठवड्याला पाचशे रुपये फेडतो आहे. पैज मात्र त्याने सोडली. परवा पारावर कोणीतरी विचारले, "यंदा कोण येणार रे?" तो म्हणाला, "मोजल्यावर सांगतो."